जॉन टिंडल: पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवणारा शास्त्रज्ञ

जठराची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी करायची असे सांगितले की रुग्ण बहुधा एकच प्रश्न विचारतात: दुखेल का? कधीतरी एखादा रुग्ण मात्र वेगळे विचारतो. डॉक्टर, नळी घशातून वाकून पोटात जाते, मग प्रकाश कसा वाकतो? प्रकाश तर सरळ रेषेत जातो ना?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर लंडनमधल्या एका सभागृहात १८५४ साली लोकांनी डोळ्यांनी पाहिले. दाखवणारे होते जॉन टिंडल. शाळेत 'टिंडल परिणाम' शिकताना हे नाव आपण ऐकलेले असते. पण भूल देताना श्वासावर लक्ष ठेवणारे यंत्र, निर्जंतुकीकरण आणि हवेतून पसरणारे जंतू या विषयांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांचा मृत्यू ज्या कारणाने झाला, ते कारण तर आजही आपल्या घराघरांत हजर आहे. म्हणून ही ओळख.

सर्वेक्षक ते प्राध्यापक

टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यातल्या लेलिनब्रिज या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडील पोलीस शिपाई होते, पण मुलाच्या शिक्षणाबाबत आग्रही होते. गणित चांगले असल्यामुळे टिंडल यांना १८३९ मध्ये सरकारी जमीन मोजणी खात्यात काम मिळाले. पुढे बदली होऊन ते इंग्लंडला गेले. तेथे कामाच्या अटींविरुद्ध तक्रार करणाऱ्यांत तेही होते. परिणामी १८४३ मध्ये नोकरी गेली.

त्या काळात इंग्लंडमध्ये रेल्वेमार्गांचे जाळे झपाट्याने पसरत होते. मोजणीचे काम येणाऱ्याला मागणी होती. टिंडल यांनी काही वर्षे ते काम केले, पैसे साठवले आणि १८४७ मध्ये हॅम्पशायरमधील क्वीनवुड कॉलेजात शिक्षकाची नोकरी धरली. पुढच्याच वर्षी, वयाच्या २८व्या वर्षी, त्यांनी साठवलेल्या पैशांवर जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठ गाठले. तेथे रॉबर्ट बुनसेन रसायनशास्त्र शिकवत असत. जर्मन भाषा शिकत, दिवसाचे बहुतेक तास अभ्यास करत त्यांनी दोनेक वर्षांत डॉक्टरेट मिळवली.

१८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेथे मायकेल फॅरडे होते. फॅरडेही गरीब घरातून, पुस्तकबांधणीच्या दुकानातून वर आलेले. दोघांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला आणि १८६७ मध्ये फॅरडे गेल्यावर त्यांची जबाबदारी टिंडल यांच्याकडे आली.

पाण्याच्या धारेत अडकलेला प्रकाश

या संस्थेत शुक्रवारी संध्याकाळी प्रयोगांसह व्याख्याने होत. १८५४ च्या अशाच एका व्याख्यानात, फॅरडे यांच्या सूचनेवरून, टिंडल यांनी एक साधा प्रयोग केला. पाण्याने भरलेल्या भांड्याला एका बाजूला भोक होते. त्यातून पाण्याची धार बाहेर पडून कमानीसारखी वळत खाली येत होती. समोरच्या बाजूने त्या भोकावर प्रखर प्रकाशझोत टाकला. प्रकाश सरळ पुढे न जाता धारेबरोबर वळला आणि धारेसोबतच खाली पोहोचला.

प्रकाश खरोखर वाकला नव्हता. तो पाण्याच्या आत, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आपटत, छोट्या छोट्या सरळ टप्प्यांनी पुढे जात होता. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. प्रकाश पाण्यातून हवेत निघू पाहतो तेव्हा पृष्ठभागाशी तो किती तिरपा आहे यावर सारे अवलंबून असते. पृष्ठभागावर उभ्या काढलेल्या लंबापासून सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त तिरपा असेल, तर त्याला बाहेर पडताच येत नाही. सगळाच्या सगळा प्रकाश आत परततो. या मर्यादेला क्रांतिक कोन म्हणतात. पोहण्याच्या तलावात बुडी मारून तिरके वर पाहिले की पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो, तोही याच कारणाने.

हा परिणाम पहिल्यांदा टिंडल यांनी शोधला असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. जिनिव्हातील दानिएल कोलादाँ यांनी सुमारे दहा-बारा वर्षे आधी हाच प्रयोग दाखवला होता. टिंडल यांचे श्रेय असे, की त्यांनी तो व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून इंग्रजी वाचणाऱ्या जगापुढे पुन्हा पुन्हा मांडला, कोन मोजून दाखवले आणि त्यामागचे कारण सामान्य श्रोत्याला समजेल असे सांगितले. पुढे ही युक्ती रोषणाईच्या कारंज्यांत आली. १८८४ मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनातील रंगीत कारंजी पाहायला लोकांची गर्दी होत असे. औषधोपचारात मात्र ती यायला अजून बराच काळ जायचा होता.

श्वासातला वायू मोजणारी नळी

१८५९ पासून टिंडल एका वेगळ्या प्रश्नाच्या मागे लागले. डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, ज्यांना आपण अवरक्त किरण म्हणतो, ते वायूंमधून आरपार जातात का? त्यासाठी त्यांनी पितळेची लांब नळी घेतली. तिच्या दोन्ही तोंडांना काच लावून चालणार नव्हते, कारण काच हे किरण अडवते. म्हणून त्यांनी सैंधवाच्या स्फटिकाच्या चकत्या बसवल्या. नळीत एकेक वायू भरून पलीकडे किती उष्णता पोहोचते ते मोजले.

निकाल थक्क करणारे होते. ऑक्सिजन आणि नायट्रोजन हे किरण जवळजवळ अडवतच नाहीत. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र ते भरपूर शोषतात. पृथ्वीच्या तापमानवाढीच्या चर्चेत टिंडल यांचे नाव येते ते या मोजमापांमुळे. कार्बन डायऑक्साइड भरलेले भांडे उन्हात जास्त तापते, हे अमेरिकेतील युनिस फूट यांनी १८५६ मध्येच दाखवले होते, हेही येथे नोंदवायला हवे.

डॉक्टरांच्या दृष्टीने पुढची पायरी महत्त्वाची आहे. १८६० च्या दशकातच टिंडल यांच्या प्रयोगशाळेत माणसाने सोडलेला श्वास अशा नळीत भरून, तो किती किरण शोषतो यावरून त्यातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण काढले गेले. ते रासायनिक पृथक्करणाने आलेल्या आकड्याशी जुळले.

आज शस्त्रक्रियागृहात भूल दिलेल्या रुग्णाच्या डोक्याशी जो पडदा असतो, त्यावर प्रत्येक श्वासाबरोबर एक लहानशी टेकडी उमटते. ते कॅप्नोग्राफ. त्याचे तत्त्व हेच: श्वासातून अवरक्त किरण जाऊ द्यायचे आणि किती शोषले गेले ते मोजायचे. श्वास संपताना हा आकडा साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतका असतो. श्वासासाठी घातलेली नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर ही टेकडी उमटत नाही आणि भूलतज्ज्ञाला काही क्षणांत चूक कळते. ही चूक कळायला उशीर झाला तर रुग्ण दगावू शकतो.

प्रकाशझोतातली धूळ आणि जंतू

वायूंवर प्रयोग करताना टिंडल यांना एक अडचण येई. नळीतली हवा कितीही गाळली तरी प्रखर झोतात तिच्यातले कण चमकत. कवडशात धूळ दिसते तसेच हे. हवा कणविरहित झाली की झोत दिसतच नाही, कारण प्रकाश आपल्या डोळ्यांकडे विखुरणारे काही उरलेले नसते. म्हणजे झोत दिसतो की नाही, यावरून हवा स्वच्छ आहे की नाही हे ठरवता येते. आजच्या भाषेत टिंडल यांनी प्रकाशाचा सेन्सर म्हणून उपयोग केला.

झोताखाली त्यांनी पेटता दिवा धरला, तर वर काळ्या वळ्या उठताना दिसल्या. धूर वाटावा असे ते दृश्य होते. प्रत्यक्षात तेथे काहीच नव्हते. ज्योतीवरून वर चढणाऱ्या तापलेल्या हवेत कण उरले नव्हते, म्हणून ती जागा काळी दिसत होती. यावरून त्यांनी ताडले की हवेतली बरीचशी धूळ सेंद्रिय, म्हणजे जळणारी आहे.

मग त्यांनी त्या झोतात स्वतःचा श्वास सोडला. सुरुवातीला विशेष काही दिसले नाही. श्वास संपत आला, फुप्फुसाच्या खोल भागातली हवा बाहेर येऊ लागली, तसा झोतात काळा ठिपका पडला. खोलवरची हवा धूळविरहित होती. आत गेलेली धूळ श्वासमार्गातच अडकून राहिली होती. धुळीच्या जागी काम करणाऱ्यांना मास्क का वापरायला सांगतो, याचे इतके सोपे प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल. नाकातोंडावर कापूस धरून श्वास घेतला तर हा काळेपणा लगेच दिसतो, हेही त्यांनी दाखवले. पुढे अग्निशामक दलासाठी त्यांनी कापूस, ग्लिसरीन आणि कोळशाच्या थरांचा मुखवटा बनवला आणि धुराने भरलेल्या खोलीत स्वतः बसून तो तपासला.

त्या काळी सजीव जंतू निर्जीव रसातून आपोआप उत्पन्न होतात असे मानणारे डॉक्टर होते. टिंडल पाश्चर यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी लाकडी पेट्या बनवल्या, आतून ग्लिसरीन फासले आणि धूळ खाली बसून झोत दिसेनासा होईपर्यंत वाट पाहिली. अशा पेटीत ठेवलेला उकळलेला रस महिनोन्‌महिने नितळ राहिला. उघड्या हवेतला नासला.

पण १८७६ च्या सुमारास प्रयोगशाळेत वाळलेले गवत आणले गेले आणि सगळे बिघडले. तासन्‌तास उकळलेले रसही नासू लागले. टिंडल यांनी हार न मानता कारण शोधले. काही जंतू उष्णतेला दाद न देणाऱ्या बीजाणूंच्या रूपात टिकून राहतात. एकदाच खूप वेळ उकळण्यापेक्षा थोडे उकळायचे, मग काही तास थांबून बीजाणूंना रुजू द्यायचे आणि पुन्हा उकळायचे, असे काही वेळा केले की रस निर्जंतुक होतो. या पद्धतीला पुढे टिंडलायझेशन नाव पडले. आता दाबाखालच्या १२१ अंश सेल्सिअस वाफेचे ऑटोक्लेव्ह आल्याने ती मागे पडली आहे. पण नुसते उकळल्याने शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक होत नाहीत, हा धडा तेव्हाचाच.

याच प्रयोगांत पेनिसिलियम बुरशी वाढलेल्या नळ्यांत जंतू मरताना त्यांना दिसले होते. त्यांनी ते लिहून ठेवले, पण पाठपुरावा केला नाही. फ्लेमिंग यांचा शोध त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी, १९२८ मध्ये लागला.

धारेपासून दुर्बिणीपर्यंत आणि सेन्सरपर्यंत

पाण्याच्या धारेची जागा काचेच्या तंतूने घेतली ती विसाव्या शतकात. १९३० मध्ये म्युनिकमधील हाइनरिश लाम या वैद्यकीय विद्यार्थ्याने तंतूंच्या जुडग्यातून दिव्याच्या तारेची प्रतिमा पलीकडे नेली. १९५४ मध्ये, टिंडल यांच्या प्रयोगानंतर बरोबर शंभर वर्षांनी, लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी अशा जुडग्यावरचे काम प्रसिद्ध केले. पण उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश गळत असे.

तो का गळतो, यात सेन्सरचे मर्म आहे. पूर्ण परावर्तन होतानाही प्रकाशाचा थोडा अंश काचेबाहेर अगदी जवळपर्यंत, एका मायक्रॉनपेक्षाही कमी अंतरापर्यंत, डोकावून परत येतो. तेवढ्या अंतरात दुसरा तंतू, बोटाचा तेलकटपणा किंवा आणखी काही आले तर प्रकाश तिकडे निसटतो. उपाय म्हणून काचेच्या गाभ्यावर किंचित कमी अपवर्तनांकाच्या काचेचे वेष्टण चढवले गेले. डोकावणारा प्रकाश वेष्टणातच राहिला आणि बाहेरच्या स्पर्शापासून सुटला. असे तंतू वापरून अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात बेसिल हर्शोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लवचिक दुर्बीण बनवली. १९५७ मध्ये हर्शोविट्झ यांनी ती आधी स्वतःच्या घशात घालून पाहिली. आताच्या दुर्बिणींत टोकाशी छोटा कॅमेरा असतो, पण पोटात उजेड नेण्याचे काम बहुधा अजूनही तंतूंचे जुडगेच करते.

गळती ही दुर्बिणीसाठी अडचण, तर सेन्सरसाठी सोय. तंतूतल्या प्रकाशात काय बदल झाला हे मोजले की बाहेर काय घडले ते कळते. रुग्णालयात त्याचे उपयोग असे:

• कवटीतील दाब: डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या मेंदूत बारीक तंतू ठेवतात. टोकाशी लवचिक पडदा असतो. दाबाने तो हलला की परत येणारा प्रकाश बदलतो.

• हृदयाच्या रक्तवाहिनीतील दाब: अडथळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे दाब किती आहे हे पाहून स्टेंटची गरज ठरवतात. त्यासाठीच्या काही तारांत प्रकाशीय सेन्सर असतो.

• रक्तातील ऑक्सिजन: शिरेतून आत नेलेल्या नळीतील तंतू लाल आणि अवरक्त प्रकाश रक्तावर टाकतात. परतलेल्या प्रकाशावरून ऑक्सिजनचे प्रमाण कळते.

• एमआरआयमधील तापमान: काचेच्या तंतूत धातू नसतो आणि चुंबकीय क्षेत्राचा त्यावर परिणाम होत नाही, म्हणून तेथे तो सुरक्षित ठरतो.

• जैविक तपासण्या: तंतूच्या उघड्या भागावर प्रतिपिंडे चिकटवतात. हवा तो रेणू येऊन चिकटला की डोकावणारा प्रकाश त्याची खूण पकडतो. दूर तरंगणारे इतर रेणू मात्र त्याच्या आवाक्याबाहेर राहतात.

दोन बाटल्या आणि एक चूक

टिंडल आयुष्यभर अंगापिंडाने काटक होते. आल्प्समधील वाइसहॉर्न हे ४,५०० मीटरहून उंच शिखर १८६१ मध्ये प्रथम सर केले ते त्यांनी आणि त्यांच्या वाटाड्यांनी. पण अपचन आणि निद्रानाश यांनी त्यांना कायम छळले. १८७६ मध्ये, वयाच्या ५५व्या वर्षी, त्यांचा विवाह लुईसा हॅमिल्टन यांच्याशी झाला. लुईसा त्यांच्या कामात साथ देत, लेखनिक होत, आजारपणात शुश्रूषा करत. १८८७ मध्ये निवृत्त होऊन दोघे सरे परगण्यातील हाइंडहेड येथे राहू लागले.

उतारवयात टिंडल यांची दोन औषधे ठरलेली होती. पोटासाठी मॅग्नेशिया आणि झोपेसाठी क्लोरल हायड्रेट. ४ डिसेंबर १८९३ च्या सकाळी लुईसा यांनी मॅग्नेशिया समजून क्लोरलचा मोठा डोस दिला. चव गोड लागताच काय झाले हे दोघांच्याही लक्षात आले. उलटीचे औषध दिले, डॉक्टर धावत आले, दिवसभर प्रयत्न झाले. क्लोरल मेंदूचे काम मंदावते, माणूस बेशुद्धीत जातो आणि श्वास क्षीण होत जातो. त्यावर उतारा असा नाही. कृत्रिम श्वासाची आजच्यासारखी यंत्रे तेव्हा नव्हती. त्याच संध्याकाळी, वयाच्या ७३व्या वर्षी, टिंडल यांचे निधन झाले. चौकशीत हा अपघात ठरला.

लुईसा त्यानंतर ४७ वर्षे जगल्या. पतीचे चरित्र लिहिण्यासाठी त्यांची पत्रे आणि कागद गोळा करत राहिल्या. ते काम त्यांच्या हातून पुरे झाले नाही. १९४० मध्ये त्या गेल्या आणि चरित्र १९४५ मध्ये दुसऱ्यांच्या हातून प्रसिद्ध झाले.

आपल्या घरासाठी

हवेतला न दिसणारा कण दाखवून देणाऱ्या माणसाच्या घरात दोन बाटल्यांमधला फरक दिसला नाही. यात लुईसा यांचा निष्काळजीपणा शोधू नये. दमलेली, प्रेमाने काळजी घेणारी व्यक्तीच बहुतेक वेळा औषध देत असते आणि चूक तिच्याच हातून होऊ शकते. म्हणून व्यवस्था अशी ठेवावी की दमलेल्या माणसाचीही चूक होऊ नये.

• झोपेची औषधे इतर औषधांपासून वेगळ्या जागी, शक्यतो कुलपात ठेवा.

• औषध मूळ बाटलीतून किंवा पाकिटातून काढून दुसऱ्या बाटलीत भरू नका. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनेल, रॉकेल किंवा कीटकनाशक कधीही ठेवू नका.

• पुरेशा उजेडात, चष्मा लावून, नाव वाचूनच औषध द्या. बाटली उचलताना आणि परत ठेवताना, दोन्ही वेळा वाचा.

• पातळ औषध मापाच्या झाकणानेच मोजा, अंदाजाने ओतू नका.

• सकाळची आणि रात्रीची औषधे खणांच्या डबीत वेगवेगळी लावून ठेवा.

• चुकीचे औषध गेल्याची शंका आली तर त्रास होण्याची वाट पाहू नका. घरी उलटी करवू नका. १०८ वर फोन करा किंवा लगेच रुग्णालयात जा आणि औषधाची बाटली सोबत न्या.